यकृताचं बीपी

"दंडाचं बीपी उत्तम आहे हो तुमचं, पण आता यकृतातलं मोजू," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला आधी गंमतच वाटली. दारूला मी कधी शिवलो नाही. मधुमेह, फॅटी लिव्हर आणि त्यातून सिरॉसिस, म्हणजे यकृत निबर होत जाणं. (शेजारी अजून संशयानेच बघतात, ते सोडा.)

मला वाटलं होतं, पोटात सुई खुपसतील. पण वाट निघाली मानेतून! यकृतात रक्त आणणारी मोठी शीर खोलवर असते, तिथे थेट पोचणं अवघड. म्हणून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेत उलट बाजूने शिरायचं.

सकाळपासून उपाशी. कॅथलॅबमध्ये थंडी इतकी, की भीतीने कापतोय की गारठ्याने ते कळेना. भूल फक्त मानेच्या उजव्या बाजूला. ते इंजेक्शन झोंबलं, पुढे नुसता दाब जाणवत राहिला. सोनोग्राफीत बघत शीर धरली आणि बारीक नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यातून खाली सरकवली. तेवढ्यात छातीत धडधडलं, मॉनिटर वेडावाकडा वाजला. "काका, तार हृदयातून जातेय, होतं असं," तिथली मुलगी म्हणाली. हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं!

नळी यकृताच्या शिरेत पोचल्यावर मोकळा दाब घेतला: ९. मग टोकाचा इवला फुगा फुगवून शीर बंद केली (म्हणजे पलीकडचा, रक्त आणणाऱ्या शिरेकडचा दाब कळतो), रंगद्रव्य सोडून कुठून गळत नाही ना ते पाहिलं आणि आकडा स्थिरावू दिला: २३. असं तीनदा. मी आयुष्यभर बँकेत कॅशवर बसलेला माणूस. वजाबाकी टेबलावरच झाली. १४.

हा फरक ५ पर्यंत ठीक, १० पासून काळजी, १२ च्या पुढे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्तस्राव होण्याची भीती. माझ्या तशा शिरा एंडोस्कोपीत आधीच दिसल्या होत्या.

मानेवर पट्टी, चार तास पडून राहणं, मग चहा. दुसऱ्या दिवसापासून यकृतातला दाब उतरवणारं औषध, कार्व्हेडिलॉल, सुरू झालं, अगदी कमी डोसने. त्याने दंडाचंही बीपी उतरतं, वरचा आकडा ९० च्या खाली जाता कामा नये. त्यामुळे जे बीपी उत्तम होतं, तेच आता बायको रोज सकाळी मोजून कॅलेंडरवर लिहिते. आज १०४.