मग सर्वांत मजबूत बोल्ट का लावत नाहीत?

मिश्र पोलादाचे बार तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. हे कळले की पुष्कळ जण एकच प्रश्न विचारतात : १२.९ या उच्च मजबुतीच्या प्रतीचा बोल्ट सुमारे १,२०० मेगापास्कल ताण सोसतो, तर मग तेलशुद्धीकरण कारखान्यातील फ्लँजांना (पाइपांच्या टोकांच्या, एकमेकींना जोडायच्या चकत्यांना) जेमतेम ८६० मेगापास्कलची हमी असलेल्या बी७ (ए१९३ या अमेरिकी मानकातील एक प्रत) बारचे स्टड, म्हणजे डोके नसलेले आटेदार दांडे, का लावतात? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नट आवळला की स्टड किंचित लांबतो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन्ही फ्लँज एकमेकींकडे ओढून धरतो. दोन्हींमधली गळती रोखणारी चकती, म्हणजे गॅस्केट, दाबून ठेवते ते हेच बळ. आता गंमत अशी, की ठरावीक ताणाखाली पोलाद किती लांबेल हे त्याच्या मजबुतीवर ठरत नाही, कारण साध्या काय आणि भारी काय, सगळ्याच पोलादांचा स्थितिस्थापकता गुणांक २०० गिगापास्कलच्या आसपास असतो. म्हणजे अधिक मजबूत बोल्टचा फायदा तो अधिक आवळला तरच मिळणार, आणि तितका दाब गॅस्केटला किंवा फ्लँजला सोसेलच असे नाही.

खरी अडचण मात्र कठीणपणाची आहे. बी७ मध्ये साधारण ०.४ टक्का कार्बन, एक टक्क्याच्या आसपास क्रोमियम आणि थोडे मॉलिब्डेनम असते. बार तापवून झटकन थंड केला की तो कठीण होतो, पण ठिसूळही होतो. म्हणून त्याला पुन्हा किमान ५९३ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तो कठीणपणा मुद्दाम उतरवतात; यालाच टेंपर करणे म्हणतात. १२.९ मध्ये तो बराच राखलेला असतो, कठीणपणाच्या रॉकवेल सी मापावर ३९ ते ४४ इतका. अशा बोल्टवर विद्युत पद्धतीने जस्त चढवले, तर त्या वेळी शिरलेला हायड्रोजन आत दबा धरून बसतो आणि आवळल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी, कोणी हातही लावलेला नसताना बोल्ट तुटू शकतो. एकदा असा तुकडा माझ्या टेबलावर आला होता. तुटलेली बाजू दाणेदार होती, वाकल्याची खूण कुठेच नव्हती, आणि लावणाऱ्याने तो नीट आवळला नसेल असे सगळे म्हणत होते.

जिथे हायड्रोजन सल्फाइड वायू असतो तिथे त्यातूनही हायड्रोजन पोलादात शिरतो, त्यामुळे तिथे तर बी७ सुद्धा जास्त कठीण ठरते. त्याऐवजी बी७एम घेतात, जे किमान ६२० अंशांवर टेंपर केलेले असते आणि ज्याची हमी ६९० मेगापास्कलवर उतरते. कमी मजबूत बारसाठी जास्त काटेकोर तपासणी मागणारे गिऱ्हाईक नवख्याला विचित्र वाटते.

शिवाय ८६० हा आकडा अडीच इंचापर्यंतच्या व्यासाचा. जाड बारचा गाभा सावकाश थंड होतो, म्हणून अडीच ते चार इंचांना मानकच ७९५ वर समाधान मानते.

१२.९ शी माझे वैर नाही. यंत्राच्या आत, कोरड्या किंवा तेलकट जागी, जस्ताशिवाय, ते मीही बिनधास्त लावतो.