मुळाने धरलेली फांदी

रविवारच्या उपदेशातले एक वाक्य अजून मनातून जात नाही. देवाने इस्राएलाला, म्हणजे यहुदी लोकांना, बाजूला सारले, त्याच्या जागी ख्रिस्ती मंडळीला निवडले आणि आता आपणच खरे इस्राएल आहोत, असे पाळकसाहेब म्हणाले आणि लगेच पुढच्या वचनाकडे वळले. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मग या खेपेसच ते इतके का बोचावे?

आदल्या शुक्रवारी संध्याकाळी मी मावशींकडे गेले होते; त्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी. आत शिरताना त्यांनी दाराच्या चौकटीवरच्या मजुझाला, शास्त्रवचने ठेवलेल्या छोट्या डबीला, बोटे टेकवून ओठांना लावली आणि मग मनुकांचे सरबत गाळायला बसल्या. त्या मजुझात जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 6व्या अध्यायातली 'हे इस्राएला, ऐक' ही वचने असतात, आणि पहिली आज्ञा कोणती असे शास्त्र्याने विचारले तेव्हा आपल्या प्रभूनेही याच शब्दांनी उत्तराला आरंभ केला. कोकणात शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवणाऱ्या, बाकी पुष्कळ विसरूनही 'श्मा', म्हणजे हीच 'ऐक' ची प्रार्थना, न विसरलेल्या लोकांच्या त्या लेक. त्यांना देवाने सोडून दिले, असे मी त्यांच्या तोंडावर म्हणू शकेन का?

जुना करार, म्हणजे यहुद्यांची शास्त्रे, टाकून द्या म्हणणाऱ्या मार्शियन या ख्रिस्ती शिक्षकाला रोमच्या मंडळीने 144 साली दूर केले, याचा मला नेहमी अभिमान वाटत आला. पण त्याच शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने ही शास्त्रे तुमची नव्हेत, आमची आहेत, असे ट्रायफो या यहुद्याला उद्देशून लिहिले. म्हणजे ग्रंथ ठेवला आणि ज्यांनी तो जपला त्यांना नाकारले. स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलवर 13व्या शतकात दोन स्त्रिया कोरल्या: मंडळी मुकुट घालून ताठ उभी, आणि सभास्थान, म्हणजे यहुदी धर्म, डोळ्यांवर पट्टी बांधलेले, हातातला भाला मोडलेला. वारसा सांगताना ज्याचा वारसा त्यालाच मेलेला ठरवायचे, हे मला सहन होत नाही.

आणि मग माझे काय? आईच्या शेवटच्या दिवसांत आम्ही 121वे स्तोत्र धरून बसलो होतो. ते दुसऱ्याच्या घरातून आणलेले असेल तर... असो. परवा रात्री मला अगदी उपरे वाटले, आणि हे घरात कोणापाशी बोलताही येईना.

शेवटी रोमकरांस पत्राचा 11वा अध्याय काढला. पौल रोममधल्या परराष्ट्रीयांना सांगतो की तुम्ही रानजैतुनाच्या फांद्या, मूळ झाडावर कलम केलेल्या. फुशारकी मारू नका, मूळ तुम्हांला धरून आहे, तुम्ही मुळाला नव्हे. आपल्या भाईबंदांविषयीचे त्याचे दुःख खरे आहे, ख्रिस्तावरचा त्याचा विश्वास तसूभरही ढळलेला नाही, आणि तरीही देवाचे पाचारण मागे घेतले जात नाही, असे तो निक्षून लिहितो. यहुद्यांना देवाने नाकारलेले असे दाखवू नये, हे सांगताना कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली याच अध्यायाचा आधार घेतला. आमच्या मंडळीत तो क्वचितच पुरा वाचला जातो. कलम केलेली फांदी असणे मला आता कमीपणाचे वाटत नाही. रस तर तिलाही पोचतो, आणि 121वे स्तोत्र मी पुन्हा म्हणू शकते.

गुरुवारच्या शास्त्राभ्यासात या पत्राचे 9 ते 11 हे तिन्ही अध्याय सलग वाचावेत, असे मी सुचवणार आहे. मंडळीच खरे इस्राएल, हे दाखवायला पौलाच्या गलतीकरांस पत्रातले 'देवाचे इस्राएल' कोणीतरी पुढे करीलच, आणि त्या वचनाचा अर्थ सोपा नाही हे मला मान्य आहे. वाद होईल, तर होऊ दे. मात्र तो ही तीन पाने पुढ्यात उघडी ठेवून व्हावा.