वरूनच माफ करायचं होतं की!

डिसेंबर आला की ऑफिसात माझ्या नाताळच्या फराळाबरोबर एक प्रश्नही फिरतो. "तुमचा देव सर्वशक्तिमान ना? मग माफ करायचं ते वरूनच करायचं की! माणूस कशाला व्हायला हवं?" कुणी लगेच जोडतं, "म्हणजे आमचे अवतार असतात तसंच ना ते?" यंदा तुम्ही विचारलंत, मनापासून विचारलंत, पण उत्तर चहा संपायच्या आत हवं होतं. ते काही जमेना, म्हणून हे लिहिलं.

आधी दुसरा प्रश्न. साम्य आहेच, नाकारण्यात अर्थ नाही. पण गीतेतला देव 'संभवामि युगे युगे' म्हणतो. धर्माला ग्लानी आली की पुन्हा पुन्हा येतो. आमची श्रद्धा अशी की देव येशूच्या रूपाने माणूस झाला, हे एकदाच घडलं, आणि धारण केलेला देह देवाने नंतर उतरवून ठेवला नाही. मेलेल्यांतून उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांचे वण आहेत. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, तो भेदरलेल्या शिष्यांना विचारतो, इथे खायला काही आहे का? ते भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यादेखत खातो. मला हा मासा फार आवडतो. देवाचा मोठेपणा सांगायला बसलेल्याला एरवी तो सुचला नसता.

आता 'वरूनच का नाही'. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसलाही हेच ऐकावं लागत होतं: देवाने नुसती आज्ञा केली असती तर भागलं नसतं का? त्याचं उत्तर असं की जग नव्हतं तेव्हा ते घडवायला आज्ञा पुरली. आता माणूस आहे, आणि मरण त्याच्या आत मुरलं आहे. नुसता अपराध असता तर पश्चात्तापाने काम झालं असतं. कर्जमाफी झाली म्हणून खारावलेली जमीन पिकत नाही, तसंच काहीसं. जे बिघडलंय ते आतून बरं करायचं, तर त्याच्या आत यावं लागतं.

इथवर बऱ्याच जणांना पटतं. खरी मजा पुढे आहे. ३२५ साली निकियात भरलेल्या बिशपांच्या परिषदेने येशू पित्याशी एकतत्त्व आहे, म्हणजे पुरता देव आहे, असं ठरवलं. मग वाद उलट्या बाजूने पेटला: तो माणूस किती? लाओदिकियाचा बिशप अपोलिनारिस हा निकियाचा कट्टर समर्थक. तो म्हणाला, देह माणसाचा, पण माणसाचं मन-बुद्धी जिथे असते तिथे येशूमध्ये देवाचा शब्द, म्हणजे खुद्द देवच, होता. ऐकायला किती भक्तिभावाचं वाटतं! आजही चर्चमध्ये निम्मे लोक मनातून असंच मानत असतील, मला खात्री आहे. पण त्याच काळातला धर्मपंडित, नाझियान्झसचा ग्रेगरी, एका पत्रात म्हणाला, जे त्याने धारण केलं नाही ते बरंही झालं नाही. आणि सगळ्यात आजारी काय आहे? मनच तर. ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने अपोलिनारिसचं मत फेटाळलं.

हे सगळं जुनंपुराणं वाटत असेल, तर मार्कच्या शुभवर्तमानातली गेथशेमानेची रात्र, येशूला पकडलं त्याच्या आधीची, वाचा. येशू पेत्र, याकोब आणि योहान या शिष्यांना बरोबर घेतो. अस्वस्थ होतो. माझा जीव मरणप्राय दुःखी झालाय, म्हणतो. इथे थांबा, जागे राहा. थोडं पुढे जाऊन जमिनीवर पडतो आणि म्हणतो, बापा, हा प्याला, म्हणजे पुढे येणारं दुःख, माझ्यापासून दूर कर. परत येतो तर तिघेही झोपलेले. असं तीन वेळा. अपोलिनारिस बरोबर असेल तर ही रात्र नुसतं नाटक ठरते.

माझी आत्या शेवटच्या आजारात रात्री घाबरून उठायची. भेटायला येणारे चांगले लोक म्हणायचे, "घाबरू नका, विश्वास ठेवा." ती गप्प बसायची, आणि भीतीच्या जोडीला तिला शरमही वाटायची. मला तेव्हा त्या मंडळींचा फार राग यायचा. घाबरणं हा अविश्वास असेल, तर गेथशेमानेत जमिनीवर पडलेल्या त्या माणसाला काय म्हणायचं? मी तिला तोच अध्याय वाचून दाखवायचो. भीती गेली नाही. शरम मात्र गेली, असं तीच म्हणाली.

तुमचा आणखी एक प्रश्न होता: एवढा मोठा देव, आणि एकाच गावात का? माणूस व्हायचं तर कुठेतरी व्हावं लागतं. 'सर्वसाधारण माणूस' कुणीच नसतो. येशू नासरेथात वाढला, अरामी बोलला, आठव्या दिवशी त्याची सुंता झाली, रोमच्या सत्तेखाली जगला आणि त्याच सत्तेच्या क्रुसावर मेला. तो यहुदी होता. आमच्या घरांतल्या कॅलेंडरवरचा सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा येशू हा युरोपातल्या चित्रकारांचा. हे चित्रापुरतंच राहिलं असतं तर ठीक होतं. पण त्याचं यहुदीपण सोयीने विसरून ख्रिस्ती राज्यांनी शतकानुशतकं यहुद्यांना छळलं, देशोधडीला लावलं. 'शब्द देही झाला', म्हणजे देव माणूस झाला, हे बायबलमधलं वाक्य दर नाताळात वाचणाऱ्यांनी तो देह कुणाचा होता हेच पुसून टाकलं. याबद्दल तुम्ही कधी विचारत नाही. विचारलंत तर आम्हाला अवघड जाईल, पण विचारा.