केरिसचं पातं राहू दे, आधी मूठ बघा

केरिसचा फोटो दाखवला की आपल्याकडं पहिला प्रश्न ठरलेला, पातं असं नागमोडी का? दिसतंच तसं म्हणा. इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या या खंजिराला वळणं असली तर ती कायम विषम, ३, ५, ७, ९ अशी, आणि सरळ पात्याचे केरिसपण भरपूर असतात. पण खरी मजा मुठीत आहे असं माझं ठाम मत आहे.

मर्दानी खेळ बघत वाढलेल्या कोल्हापूरकराला पकड काय असते ते सांगायला नको. दांडपट्ट्यात तर मनगटाच्या वरपर्यंत हात लोखंडात जातो. केरिसची मूठ बरोब्बर उलटी, लाकडाची नाहीतर हाडाची, हस्तिदंताची, लहानशी आणि पिस्तुलासारखी वाकडी, कारण यानं सपासप वार करायचे नसतात, सरळ भोसकायचं असतं. आणि त्यावरचं कोरीव काम तर विचारूच नका! बालीत मुठीवर चक्क देव नाहीतर राक्षस बसलेला, मदुरा बेटावर फुलापानांची दाट नक्षी, मलय मुलखात थंडी वाजून आल्यागत अंग चोरून बसलेला माणूस, दक्षिण थायलंडातल्या पट्टाणीकडं खंड्याची असावी तशी लांब चोच. जाणकार माणूस मूठ बघून मुलूख सांगतो.

दुसरं म्हणजे जावात ही मूठ पात्याला कायमची ठोकत नाहीत. पात्याच्या मागच्या बारीक दांड्याला कापड नाहीतर केस गुंडाळायचे आणि मूठ घट्ट दाबून बसवायची, बास. त्यामुळं पातं खापरपणजोबाचं आणि मूठ नंतर कुणी हौसेनं बदललेली असं सर्रास असतं, म्हणून नुसती मूठ बघून पात्याचं वय सांगायला जाऊ नये.

पात्याचं थोडक्यात सांगतो. साधं लोखंड आणि निकेल असलेलं लोखंड थरावर थर ठोकून एकजीव करतात, मग लिंबाचा रस आणि सोमल (आर्सेनिक) लावला की लोखंड काळं पडतं, निकेल चमकत राहतं आणि नक्षी उठून दिसते. सुराकार्ताच्या राजवाड्यात तर त्यासाठी प्रंबानानजवळ पडलेल्या उल्केचं लोखंड वापरलंय.

आणि आपल्या माणसांना हे माहीतच नाही याची मला खरंच खंत वाटते, मध्य जावात लावू डोंगराच्या उतारावर सुकुह नावाचं १५व्या शतकातलं देऊळ आहे, तिथं दगडात लोहाराचं दुकान कोरलंय, पातं घडवतोय भीम, भाता मारतोय अर्जुन आणि मधे गणपती नाचतोय! आपला भीम, हो, लोहारकाम करताना.

बालीत दर २१० दिवसांनी तुम्पेक लांदेप नावाचा सण येतो, त्या दिवशी केरिसची पूजा होते आणि आता गाड्यांचीपण, म्हणजे आपली खंडेनवमी आणि दसराच की. तेव्हा बालीची तिकिटं काढणाऱ्यांनो, नुसत्या बीचवर लोळून परत येऊ नका, दोन दिवस काढून जावात सोलोला, म्हणजे त्याच सुराकार्ताला, उतरा, सुकुह तिथनं जवळ आहे.