म्हणजे तू ख्रिस्ती नाहीस?

झोप येत नाहीये, म्हणून उठून लिहायला बसले.

दुपारी फादर येऊन गेले. ईस्टरच्या आधी ते या इमारतीतल्या प्रत्येक घराला आशीर्वाद देतात. जिन्यात आठवडाभर चिठ्ठी लावलेली होती. मी दार अर्धंच उघडलं आणि त्यांनी काही बोलायच्या आत म्हणाले, "आम्ही वाल्डेन्सियन." वाल्डेन्सियन म्हणजे इटलीतला एक जुना प्रोटेस्टंट पंथ; फादर कॅथलिक. ते हसले, माफ करा म्हणाले आणि पुढच्या दाराकडे वळले. समोरच्या सिन्योरा त्यांचीच वाट पाहत दारात उभ्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे तू ख्रिस्ती नाहीस? मला वाटलं होतं, आहेस."

वाटलं होतं. तेव्हापासून हेच दोन शब्द डोक्यात फिरताहेत.

नगरला शाळेत मुली विचारायच्या, तुमच्या घरात मेरीमातेची मूर्ती का नाही? त्यांच्या लेखी वसईचे कॅथलिक आणि नगरचे आम्ही प्रोटेस्टंट, सगळे एकच. तेव्हा काही लागलं नाही मनाला. पण तिथे मी ख्रिस्ती आहे याबद्दल तरी कुणाला शंका नव्हती. इटलीत, तोरिनोला येताना वाटलं होतं, आता निदान हे सांगत बसावं लागणार नाही. आणि इथे, जवळजवळ सहा कोटींच्या देशात, आमची मंडळी 20-25 हजारांची. तिथेही थोडे, इथेही थोडे. आज फार एकटं वाटलं. यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "मनावर घेऊ नकोस." कसं घेऊ नको?

इथल्या वाल्डेन्सियन लोकांनी किती सोसलंय, ते आठवून स्वतःला समजावते आहे. शतकानुशतकं यांना आल्प्सच्या त्या तीन खोऱ्यांबाहेर राहायची मुभा नव्हती. 1655 च्या एप्रिलमध्ये तिथे कत्तल झाली. 17 फेब्रुवारी 1848 ला राजा कार्लो अल्बेर्तोने नागरी हक्क दिले, पण त्याच फर्मानात लिहून ठेवलं की उपासनेच्या बाबतीत काही बदलणार नाही. तरी पाच वर्षांत, 1853 ला, तोरिनोत भर रस्त्यावर आमचं देऊळ उभं राहिलं. इथेही त्याला 'तेम्पियो' म्हणतात, देऊळच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला नगरची आजी आठवली होती, तीही चर्चला देऊळच म्हणायची. 2015 च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस याच देवळात आले आणि त्यांनी कॅथलिक चर्चच्या वतीने क्षमा मागितली.

यंदा 16 फेब्रुवारीच्या रात्री आम्ही त्या खोऱ्यांतल्या तोर्रे पेल्लीचेला होळ्या पाहायला गेलो होतो. हक्क मिळाल्याची बातमी गावोगाव कळवायला डोंगरांवर आग पेटवली, म्हणून आजही पेटवतात. पांढरी टोपी घातलेल्या एका आजींनी माझा हात हातात घेतला आणि ज्वाळा खाली बसेपर्यंत सोडलाच नाही. मी कुठली, कशी, काही विचारलं नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं, प्रार्थनाच करणार होते ना ते? आत तरी बोलवायचंस. आपल्याकडे पाळकसाहेब चहा न घेता कधी गेलेत का?"

मला तिचा राग आला. पण खरं आहे तिचं. आज कुणी माझ्यासाठी दार लावलं नाही. ते मीच अर्धं धरून उभी होते. मी काय आहे हेसुद्धा असं सांगितलं, की समोरच्याने निघूनच जावं. सिन्योरांनी जे ऐकलं, तेच त्या बोलल्या.

तरी ते 'वाटलं होतं' टोचतंच आहे. उद्याही टोचेल बहुधा.

रविवारी झावळ्यांचा रविवार. सिन्योरा दरवर्षी त्यांच्या चर्चमधून आशीर्वादित ऑलिव्हची डहाळी आणून देतात. गेल्या वर्षीची अजून मसाल्याच्या डब्यामागे आहे. आपल्यात ती ठेवायची रीत नाही, पण टाकवली नाही. यंदा त्या आणतील का, कोण जाणे. नाही आणली, तर मी बेल वाजवून मागेन.