हाप्पो-ओनेवरची जाळी

नागानो ऑलिंपिकमधली पुरुषांची डाउनहिल शर्यत, म्हणजे स्कीवरून डोंगर सुसाट उतरण्याची, ८ फेब्रुवारी १९९८ ला व्हायची होती. झाली १३ तारखेला, शुक्रवारी. मधल्या दिवसांत बर्फ, धुकं आणि वारा यांनी हाकुबाच्या हाप्पो-ओने डोंगरावर आळीपाळीने ठिय्या दिला होता. आम्ही रोज अंधारात उठून तयार व्हायचो आणि 'आज नाही' असं ऐकून परत यायचो.

मी तिथे दुभाषी म्हणून होते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले, मग तोक्योत नोकरी, आणि त्या हिवाळ्यात हे काम मिळालं. उतारावर राबणारी माणसं जपानी, शर्यतीचे पंच बहुतेक युरोपातले. दोघांच्या मध्ये मी, खाली शेवटच्या रेषेजवळच्या एका लाकडी खोलीत, एका हातात वॉकीटॉकी आणि समोर टीव्हीचा पडदा. कोटाच्या दोन्ही खिशांत गरम राहणाऱ्या पुड्या असायच्या. बोटं बधिर झाली की वॉकीटॉकीचं बटण दाबलं जायचं नाही, म्हणून.

या शर्यतीवरून आधीपासूनच वाद होता. डोंगराचा वरचा भाग राष्ट्रीय उद्यानात येतो, म्हणून आयोजकांनी सुरुवात १,६८० मीटरवर ठेवली होती. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला ती १,८०० वर हवी होती. शेवटी १,७६५ वर तडजोड झाली. आमच्या खोलीत मात्र या वादाला कोणी वेळ दिला नाही. आमचा सगळा वेळ बर्फात गेला.

डाउनहिलचा मार्ग गुळगुळीत आणि कडक लागतो. रात्रीत ताजा भुसभुशीत बर्फ पडला की तो सगळा काढावा लागतो. माणसं रांगेने उभी राहतात, स्की आडव्या धरून घसरत खाली येतात आणि तो बर्फ कडेला लोटत नेतात. काम संपतं न संपतं तोच पुन्हा बर्फ सुरू. हाकुबाचे गावकरी होते, स्वयंसेवक होते, जपानच्या स्वसंरक्षण दलाचे जवान होते. शिवाय कडेच्या जाळ्या होत्या. लवचिक काठ्या बर्फात भोकं पाडून रोवायच्या, त्यांवर माणसाच्या उंचीहून थोडी जास्त जाळी ताणायची, आणि धोक्याच्या वळणावर अशा रांगा एकामागे एक लावायच्या. पहिल्या जाळीने माणूस अडलाच पाहिजे असा हिशेब नसतो. काठ्या उपटून जाळी त्याच्याबरोबर पुढे गेली पाहिजे, म्हणजे वेग मरतो. आमचे कोर्सप्रमुख, म्हणजे मार्ग तयार ठेवणाऱ्यांचे प्रमुख, हाकुबाचेच, साठीकडे झुकलेले. प्रत्येक काठी ते स्वतः हलवून बघायचे. सैल नको, पण घट्टही नको. जाळी खाली जमिनीलगत नीट आहे ना, स्कीचं टोक तिच्यात अडकणार नाही ना, यावर त्यांचा फार कटाक्ष. १९९१ साली स्वित्झर्लंडमधल्या वेंगेनला गेर्नोट राइनश्टाडलर या ऑस्ट्रियाच्या कोवळ्या खेळाडूची स्की अशीच जाळीत अडकली आणि तो गेला. प्रमुखांच्या मनातून ते गेलेलं नव्हतं.

त्या रिकाम्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, हेर्मान मायर. त्या मोसमात तो जिंकतच सुटला होता. ऑस्ट्रियाच्या चमूबरोबर आलेले एक वयस्क गृहस्थ चहाच्या रांगेत मला त्याची हकिगत सांगायचे, आणि त्यांना ऐकणारं कोणी भेटल्याचा आनंद व्हायचा. मायर फ्लाखाऊ गावचा, १९७२ चा जन्म, वडिलांची स्की शिकवण्याची शाळा. पंधराव्या वर्षी श्लाडमिंगच्या स्की अकादमीतून त्याला घरी पाठवलं. अंगाने किरकोळ, त्यात गुडघ्यांचं दुखणं. मग हा उन्हाळ्यात गवंडीकाम करायचा आणि हिवाळ्यात वडिलांच्या शाळेत पर्यटकांना शिकवायचा. अशी कितीतरी वर्षं गेली. स्कीचा विश्वचषक म्हणजे मोसमभर ठिकठिकाणी चालणारी, गुणांवर ठरणारी शर्यतींची मालिका. ज्या वयात पोरं तिच्यात नाव काढतात, त्या वयात हा विटा रचत होता.

जानेवारी १९९६ मध्ये त्याच्याच गावात विश्वचषकाची जायंट स्लॅलम शर्यत होती, म्हणजे रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत उतरण्याची. शर्यतीआधी मार्ग आणि घड्याळं तपासायला काही जणांना पुढे सोडतात, त्यांची वेळ निकालात धरत नाहीत. मायर त्यांच्यात होता. त्याची वेळ धरली असती तर तो बारावा आला असता. वर्षभराने, फेब्रुवारी १९९७ मध्ये, गार्मिशला त्याने पहिली विश्वचषक शर्यत जिंकली. हे सांगताना त्या गृहस्थांचा आवाज चढायचा. मलाही ते ऐकायला फार आवडायचं. घरी पाठवलेल्या मुलाने पुन्हा दार ठोठावावं, तेही तेविसाव्या वर्षी, हे मला आजही पदकांपेक्षा मोठं वाटतं.

तेरा तारखेला सकाळी आभाळ उघडलं, वारा मात्र होता. शर्यत सुरू झाली. मायर सुरुवातीच्या काही जणांतच होता. तो निघाला तेव्हा खोलीतले सगळे पडद्याकडे वळले. काही सेकंदांतच तो एका वळणावर फार सरळ आला. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. पायांखालचा बर्फ सुटला आणि तो हवेत गेला. आधी आडवा झाला, मग उलटा, स्की आकाशाकडे. हवेत तो इतका वेळ होता की माझ्या शेजारचा माणूस त्याचं नाव पूर्ण उच्चारू शकला. मग तो खांद्यावर आणि डोक्यावर आपटला, कोलांट्या खात पहिल्या जाळीतून गेला, दुसरीतूनही गेला, आणि पलीकडच्या बर्फात दिसेनासा झाला.

वॉकीटॉकीवर आवाज आला, "स्टार्ट, स्टॉप!" वरून तेच शब्द परत आले. म्हणजे पुढचा खेळाडू रोखून धरला.

त्यानंतर खोलीत जे झालं ते विसरणं शक्य नाही. चहाच्या रांगेतले ते गृहस्थ दारात उभे होते, त्यांचा चेहरा पांढराफटक. चारच वर्षांपूर्वी, जानेवारी १९९४ मध्ये, गार्मिशच्याच डाउनहिलमध्ये उलरिके मायर ही ऑस्ट्रियाची खेळाडू पडून मरण पावली होती. नात्याची नव्हे, पण आडनाव तेच. ऑस्ट्रियाच्या कोणाच्याही मनात त्या क्षणी दुसरं काय येणार? पंचांनी मला विचारलं, "काय म्हणतायत वरचे?" वरचे काहीच म्हणत नव्हते. मी जपानीत पुन्हा पुन्हा विचारत राहिले. उत्तर येईना. ती माणसं जाळीकडे धावत होती, वॉकीटॉकी कोण उचलणार!

मग एका पोराचा आवाज आला, धाप लागलेला. "उठलाय. उभा आहे."

मी ते इंग्रजीत सांगितलं, आणि पंचांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. पडद्यावर तोवर दिसायला लागलं होतं. मायर कमरेएवढ्या बर्फातून उभा राहिला होता, अंगावरचा बर्फ झटकत होता. त्याने हात हलवला. गुडघा आणि खांदा दुखावला होता, हाड एकही मोडलं नव्हतं. पाच दिवस ज्या भुसभुशीत बर्फाला आम्ही शिव्या देत होतो, तो तिथे जाळ्यांपलीकडे साठलेला होता. त्या बर्फात तो रुतला.

मला त्या दिवसातला सगळ्यात मोठा भाग त्यानंतरचा वाटतो, आणि तो टीव्हीवर कोणी दाखवला नाही. वर खेळाडू थांबलेले, वारा वाढण्याची भीती, आणि त्या वळणावर दोन रांगा आडव्या. जाळी नीट झाल्याशिवाय पुढचा सोडायचा नाही. पंच विचारत होते, किती वेळ? मी विचारत होते. प्रमुख स्वतः त्या वळणाशी होते. ते शांतपणे म्हणाले, "आणखी चार काठ्या." पंच घड्याळ बघत होते. मी पुन्हा विचारलं. "दोन काठ्या." मग एक काठी पक्की बसत नव्हती, म्हणून त्यांनी ती काढायला लावून नवं भोक पाडायला सांगितलं. पंचांना मी तसंच सांगितलं. ते 'बरं' म्हणाले आणि खुर्चीत टेकले. त्यांनी घाई केली नाही याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे. "झालं," असं वरून आलं तेव्हा मी ते इतक्या मोठ्याने सांगितलं की खोलीतले हसले.

शर्यत पुढे झाली. त्या दिवशी बरेच जण खालपर्यंत पोचलेच नाहीत. सुवर्णपदक फ्रान्सच्या जाँ-ल्युक क्रेतिएला मिळालं. तो एकतीस वर्षांचा होता आणि विश्वचषकाची एकही शर्यत त्याने जिंकलेली नव्हती, पुढेही जिंकली नाही. मायरच्या पडण्यापुढे त्याचा दिवस झाकोळला गेला याचं मला वाईट वाटतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये व्हाल गार्देनाला तो पडला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली.

सुपर-जी शर्यत, डाउनहिल आणि जायंट स्लॅलम यांच्या मधला प्रकार, हवामानामुळे सोमवारपर्यंत, १६ तारखेपर्यंत लांबली. मायरच्या गुडघ्याला तेवढीच उसंत मिळाली. त्याने ती जिंकली, १ मिनिट ३४.८२ सेकंदांत. दिदिए क्युश आणि हान्स क्नाउस ०.६१ सेकंदाने मागे, दोघांची वेळ अगदी सारखी, दोघांनाही रौप्य. १९ तारखेला शिगा कोगेनला जायंट स्लॅलमचं सुवर्णही त्यानेच घेतलं. प्रमुखांनी मला ऑस्ट्रियाच्या लोकांकडे पाठवून त्याच्या गुडघ्याची चौकशी करवली होती. अभिनंदन वगैरे नंतर, आधी गुडघा.

पुढे मी तोक्योतून त्याच्या बातम्या वाचत राहिले. २००० च्या मोसमात दोन हजार गुण. मग २४ ऑगस्ट २००१, राडश्टाटजवळ मोटरसायकलचा अपघात. पाय कापावा लागेल अशी अवस्था. डॉक्टरांनी हाडात टायटॅनियमचा दांडा घालून तो वाचवला. सॉल्ट लेक सिटीचं ऑलिंपिक हुकलं. जानेवारी २००३ मध्ये तो आडेलबोडेनला परत उतरला, आणि २७ जानेवारीला किट्झब्यूलची सुपर-जी जिंकला. २००४ मध्ये चौथ्यांदा एकूण विश्वचषक, २००६ ला तोरीनोत आणखी दोन पदकं. २००९ मध्ये थांबला तेव्हा विश्वचषकातले ५४ विजय नावावर होते.

किट्झब्यूलच्या त्या विजयाच्या आठवड्यात हाकुबाहून प्रमुखांचा फोन आला. नवीन वर्षाच्या शुभेच्छा राहून गेल्या होत्या, असं निमित्त. खरं विचारायचं होतं ते वेगळंच. "पाय कुठला होता हो, मराठे-सान?" मी म्हटलं, उजवा. वळताना बाहेरच्या पायावर भार येतो, तेव्हा डाव्या वळणांना सगळं ओझं त्याच पायावर. त्यांच्याकडे शर्यतीची टेप नव्हती, माझ्याकडे होती. मी ती लावली, फोन टीव्हीजवळ ओढून घेतला, आणि एकेक वळण त्यांना सांगत गेले.