सोळा

ऑडिटमधल्या अकरा वर्षांत मी लोकांना एकच प्रश्न विचारत आले: हा आकडा कुठून आणला? माल प्रत्यक्ष मोजला, की मागच्या महिन्याचाच आकडा उतरवला?

चाळिशीच्या तोंडावर ते सोडून अमेरिकेतल्या ॲक्सिलरेटेड नर्सिंगला प्रवेश घेतला. दुसऱ्या विषयातली पदवी आधीच असलेल्यांसाठी तिथे असे कोर्स 1971पासून आहेत. जुनी पदवी जमेस धरतात आणि उरलेलं नर्सिंग साधारण 11 ते 18 महिन्यांत उरकतात. उरकतात म्हणजे सोमवारी फार्माकॉलॉजीचा पेपर, मंगळवारी पहाटे वॉर्ड. वर्गात एक शेफ होता, एक वकीलबाई होत्या, दोन शिक्षक होते. झोप कोणाचीच होत नव्हती.

त्या मंगळवारी माझ्याकडे हिप रिप्लेसमेंटच्या दुसऱ्या दिवशीच्या एक आजी होत्या. वेदनेसाठी हायड्रोमॉर्फोन या मॉर्फिनच्या जातीच्या औषधाचा पंप, बटण त्यांच्या हातात. नाकाला दोन लिटर ऑक्सिजन. आठ वाजून पाच मिनिटांनी व्हायटल्स घेतले. बीपी, नाडी, ताप मशीनने दिले. रक्तातला ऑक्सिजन 97 टक्के. श्वास मात्र डोळ्यांनी मोजावे लागतात. आजी शांत झोपल्या होत्या, अजून दोन पेशंट बाकी होते. मी 16 लिहिलं. वॉर्डात जिकडे तिकडे 16 नाहीतर 18च असतं, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं.

दहा मिनिटांनी आमच्या इन्स्ट्रक्टर स्क्रीन बघून म्हणाल्या, "हे सोळा मोजलेस, की लिहिलेस?"

मी गप्प.

दोघी खोलीत गेलो. आजींना हाक मारली. डोळे उघडून त्या म्हणाल्या, "नात येणार आहे, दुपा..." आणि तिथेच घोरायला लागल्या. मी मनगट धरलं. आपण श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं तर तो बदलतो, म्हणून नाडी बघतोय असंच दाखवायचं असतं. इथे त्याची काही गरज नव्हती, पण हात सवयीने गेला. पूर्ण एक मिनिट. सात.

97चं कोडं इन्स्ट्रक्टरनी नंतर सोडवलं: वरून ऑक्सिजन चालू असला की श्वास मंदावले तरी ती संख्या बराच वेळ चांगली दिसते.

नर्स आली, पंप थांबवला, डॉक्टरांना कळवलं. अशा औषधाने श्वास मंदावला की त्याचा असर उतरवायला नालोक्सोन देतात. तिने 0.4 मिलिग्रॅम सलाइनमध्ये मिसळून दहा मिली केलं आणि एकेक मिली देत गेली. एकदम दिलं असतं तर वेदनाशमनही एका झटक्यात उतरलं असतं. मी मनगट सोडलंच नाही. आठ. दहा. दुसऱ्या मिलीनंतर बारा. आजींनी डोळे उघडले, कण्हल्या आणि माझ्याकडे बघून भडकल्या, "कशाला उठवलंस मला?"

चार्टमध्ये खोडरबर नसतो. दुरुस्ती केली तरी जुनी नोंद मागे राहतेच. 8:05 ला 16, 8:19 ला 7. दोन्हींपुढे माझं नाव.

ऑडिटला असते, तर पहिलं बोट मी तिथेच ठेवलं असतं.